स्टेशनाच्या टोकाची ओस केबिन: तिथे कोण बसायचं आणि काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या स्टेशनाच्या दोन्ही टोकांना 'पूर्व केबिन' आणि 'पश्चिम केबिन' अशा पुसट पाट्या असलेल्या दोन मजली इमारती ओस पडल्या आहेत. तिथे पूर्वी कोण बसायचं, नेमकं काय करायचं, तिथला एक माणूस चुकला की दोन गाड्या एकमेकींवर यायच्या का, आणि ती माणसं आता कुठे गेली?

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात मेंटेनर म्हणून लागलो आणि इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. केबिनमध्ये लिव्हर ओढणारा माणूस आमच्या खात्याचा नसे. तो ट्रॅफिकचा. यंत्र आमचं आणि हात त्यांचे, त्यामुळे काही बिघडलं की 'तुमचं यंत्र' आणि 'तुमचा माणूस' हा वाद ठरलेला. तरी रात्री-अपरात्री बिघाड काढायला गेलो की चहा त्यांच्याच स्टोव्हवर व्हायचा. म्हणून दोन्ही बाजू थोड्या ठाऊक आहेत.

चुकीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. केबिनमनने भलताच लिव्हर ओढला आणि गाड्या आदळल्या, असं इंटरलॉकिंग, म्हणजे लिव्हर एकमेकांना अडवतील अशी त्यांची जोडणी, धड असताना जवळजवळ होऊच शकत नव्हतं. लोखंडच त्याला ते करू देत नसे. घात व्हायचा तो दोन वेगळ्या जागी. एक म्हणजे रुळावर गाडी उभी आहे की नाही हे फक्त माणसाच्या लक्षात असायचं तिथे. आणि दुसरी, यंत्र बिघडल्यावर ते बाजूला ठेवून गाड्या चालवायची वेळ यायची तेव्हा. बाकीचं सगळं या दोन जागा समजून घेण्यासाठीच सांगतो आहे.

इमारत दोन मजली का, ते पाहू. वरच्या मजल्याला तीन बाजूंनी खिडक्या असतात, कारण उभ्या असलेल्या मालगाडीच्या वाघिणींच्या डोक्यावरून पलीकडचं यार्ड दिसलं पाहिजे. तळमजल्यावर लॉकिंग रूम. तिथे माणूस बसत नसे. लिव्हरच्या शेपट्या वरून खाली येत, आणि रुळाच्या बाजूला जमिनीलगत एक लांबट फट असे, तिच्यातून रॉड आणि तारा बाहेर पडत. अजूनही अशा केबिनच्या पायथ्याशी ती फट दिसते. बहुतेक ठिकाणी विटा लावून बुजवलेली असते.

वर, खिडक्यांच्या रांगेसमोर, फ्रेममध्ये ओळीने लिव्हर. छोट्या स्टेशनावर पंधरा-वीस, जंक्शनला शंभराच्या घरात. इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या सेव्हर्न ब्रिज जंक्शन केबिनमध्ये १८० लिव्हरची फ्रेम आहे, १९०३ सालची, आणि ती अजून चालते. लिव्हरचे रंग ठरलेले. थांबा दाखवणाऱ्या सिग्नलचा लाल, पॉइंटचा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याचा काळा, सांधा जागच्या जागी पक्का करणाऱ्या कुलुपाचा निळा, फाटकाचा तपकिरी, आणि ज्याला काही जोडलेलं नाही त्याचा पांढरा. प्रत्येकावर पितळी किंवा पत्र्याची नंबरपट्टी. त्या पट्टीवर बऱ्याचदा आणखी काही आकडे असत: हा लिव्हर ओढायचा तर आधी कोणकोणते ओढलेले हवेत त्यांचे. नव्या माणसाला पाठ नसलं तरी पट्टी वाचून काम होई.

गाडी लूपवर, म्हणजे मेन लाइनच्या बाजूच्या लाइनीवर, घ्यायची समजा. आधी काळा लिव्हर ओढून सांधा लूपकडे फिरवायचा, मग निळा ओढून त्याला कुलूप घालायचं, मग लाल. हा क्रम उलटा करून बघा, लाल हलणारच नाही. काही फ्रेममध्ये लिव्हर बोटभर सरकून अडतो. कॅच-हँडलच्या फ्रेममध्ये तर मागची मूठच दाबली जात नाही. आणि लाल एकदा ओढला की काळा आणि निळा दोन्ही जागेवर पक्के. तुम्ही भीमाच्या ताकदीचे असलात तरी सिग्नलचा हात खाली, म्हणजे गाडीला वाट दिलेली, असताना सांधा फिरवता येत नाही. शेजारच्या लाइनीवरून त्याच वाटेत घुसणारा दुसरा सिग्नलही देता येत नाही.

हे सगळं तळमजल्यावरच्या पेटीत होतं. प्रत्येक लिव्हरला एक सपाट लोखंडी पट्टी जोडलेली, तिच्या कडेला खाचा कापलेल्या. पट्ट्यांच्या मधून आडवे सरकणारे गुटके. एक पट्टी सरकली की तिची खाच गुटक्याला बाहेर ढकलते, तो गुटका पलीकडच्या पट्टीच्या खाचेत जाऊन बसतो आणि ती पट्टी अडते. इतकंच. वीज नाही, बॅटरी नाही. कोणता लिव्हर कोणाला अडवणार हे स्टेशनाच्या आराखड्यावरून आधी कागदावर कोष्टकात मांडायचं आणि मग कानशीने लोखंडात उतरवायचं. आज ज्याला लॉजिक म्हणतात ते त्या खाचांमध्ये होतं. पेटीला कुलूप, कुलपाला सील, आणि ते उघडायचं तर रजिस्टरमध्ये नोंद करून, स्टेशन मास्तरची सही घेऊनच. केबिनमनला त्या पेटीला हात लावायची परवानगी नव्हती आणि आम्हाला वरचा लिव्हर ओढायची नव्हती. दोन खात्यांची ही फारकत मला तेव्हा कटकट वाटायची. पण तिच्यामागचा विचार पक्का होता: जो गाडी चालवतो त्याच्या हातात यंत्राचे नियम बदलणं नसावं.

जॉन सॅक्सबी या इंग्रज कारागिराने अशा जोडणीचं पेटंट १८५६ साली घेतलं. म्हणजे १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली तेव्हा ते यायला अजून तीन वर्षं होती. ब्रिटनमध्येही ते लगेच सगळीकडे लागलं नाही, कंपन्यांना खर्च नको होता. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीच्या गाडीचे सोडवलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर गेले. मेलेल्यांमध्ये मुलं बरीच होती. त्या अपघाताचं मूळ ब्रेकमध्ये आणि गाड्या नुसत्या घड्याळ बघून एकामागे एक सोडण्याच्या रीतीत होतं. पण त्याच वर्षी झालेल्या कायद्याने ब्लॉक पद्धत (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी), इंटरलॉकिंग आणि सलग ब्रेक (सगळ्या डब्यांना एकदम लागणारे) असं तिन्ही सक्तीचं केलं. आपल्याकडच्या केबिनांची घडण त्याच वळणाची.

आता अंगमेहनतीबद्दल, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती कळत नाही. सांध्याचा लिव्हर म्हणजे काही शे मीटर लांब लोखंडी रॉड, त्याखालचे रोलर, वळणावरच्या क्रँक आणि शेवटी सांध्याच्या दोन सरकत्या जिभा, हे सगळं एका माणसाने एका झटक्यात हलवायचं. मुठीला हात घसरू नये आणि घामाने गंज धरू नये म्हणून फडकं गुंडाळायचं, एक पाय फ्रेमच्या कडेला टेकवायचा आणि कमरेतून मागे जायचं. नुसत्या दंडाने ओढणारा माणूस महिनाभरात खांदा धरून बसायचा. जुनी माणसं लिव्हर येताना अर्ध्या वाटेत आवाजावरून सांगायची की सांध्यात खडी अडकली आहे. मग पाना घेऊन आमच्यापैकी कोणी जायचं आणि खरंच जिभेत सुपारीएवढी खडी निघायची.

सिग्नलच्या तारेचं दुखणं निराळं. तार लांबच लांब, दूरचा सिग्नल केबिनपासून किलोमीटरवरही असू शकतो. पोलाद तापलं की वाढतं. किलोमीटरभर तारेला २० अंशांच्या फरकात सुमारे २४ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून जास्त. लिव्हर ओढल्यावर तारेला जी ओढ मिळते ती साधारण तशाच मापाची. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी लिव्हर पूर्ण ओढला तरी खांबावरचा सिग्नलचा हात अर्धवटच खाली यायचा. ड्रायव्हरने अर्धवट सिग्नल बघितला की तो थांबतो आणि शिट्या मारत बसतो. याच्या उलट, दुपारी तार ताणून बसवली आणि रात्री गार पडल्यावर कोणी सैल केली नाही, तर लिव्हर मागे टाकूनही हात पूर्ण आडवा, म्हणजे 'थांबा'वर, होत नाही. पहिल्याने गाडीला उशीर होतो, दुसऱ्याने माणसं मरतात. म्हणून तारेला केबिनमध्येच जुळवणीचं चाक असायचं, आणि दिवसातून दोन-तीनदा ते फिरवणं ही केबिनमनची जबाबदारी. रॉडला मात्र मध्येच कॉम्पेन्सेटर बसवलेला असे. तो ढकलण्याची दिशा उलटवतो, त्यामुळे अर्ध्या रॉडची वाढ उरलेल्या अर्ध्याच्या वाढीने खाल्ली जाते. साधी गोष्ट आहे, पण मला अजून ती सुंदर वाटते.

तार तुटली तर? सिग्नलच्या खांबावर वजन असतं, ते हाताला आपोआप आडवा करतं. म्हणजे काहीही बिघडलं की उत्तर एकच: थांबा. प्लॅटफॉर्मवर लोक 'सिग्नल पडला' म्हणत ट्रंका उचलायचे, तो खाली झुकणारा हात खरं तर तारेच्या जोरावर धरून ठेवलेला असायचा.

रात्रीचं काम दिव्यांवर. सिग्नलच्या खांबावर रॉकेलचा दिवा, तो भरायला आणि वात कापायला लॅम्पमन शिडीने वर चढायचा. हातासोबत फिरणाऱ्या चौकटीत दोन काचा. लाल ती लाल. पण हिरवी जवळून बघितलीत तर ती निळसर दिसेल, कारण रॉकेलची ज्योत पिवळी असते आणि पिवळ्या उजेडातून दुरून तो रंग हिरवा दिसतो. दिव्याच्या पाठीला आणखी एक बारीक पांढरा ठिपका असायचा, केबिनकडे तोंड करून. सिग्नल आडवा असला की ठिपका दिसतो, हात खाली आला की एक पत्रा त्याच्यासमोर येतो. अंधारात केबिनमन त्या ठिपक्यावरून ओळखायचा की आपण मागे टाकलेला सिग्नल खरंच परत 'थांबा'वर गेला का, आणि तो दिवा विझलेला तर नाही ना.

आता माणसं. मोठ्या केबिनमध्ये केबिन मास्तर किंवा असिस्टंट स्टेशन मास्तर, त्याच्या हाताखाली लिव्हरमन. छोट्या ठिकाणी एकटा केबिनमन किंवा स्विचमन, आणि सोबत झेंडी दाखवणारा एखादा पॉइंट्समन. बऱ्याच स्टेशनांवर केबिनमन आपल्या मनाने मुख्य सिग्नल देऊ शकत नसे. स्टेशन मास्तरच्या खोलीत स्लॉट असायचा, मास्तरने तिथून मोकळीक दिल्याशिवाय केबिनमधला लाल लिव्हर कामच करत नाही. आणि मास्तरलाही पलीकडच्या स्टेशनाने लाइन क्लिअर, म्हणजे पुढची वाट मोकळी असल्याची हमी, दिल्याशिवाय गाडी पुढे सोडता येत नाही. एका गाडीसाठी तीन-चार माणसांची संमती लागायची.

ही संमती कशी द्यायची, तर घंटा आणि नंबर. ब्लॉक उपकरणाची घंटा: एक ठोका म्हणजे लक्ष द्या, दोन म्हणजे लाइन क्लिअर आहे का, तीन म्हणजे गाडी सेक्शनमध्ये (दोन स्टेशनांमधल्या मार्गात) शिरली, चार म्हणजे बाहेर पडली. सहा ठोके आले की हातातला चहा खाली ठेवून सगळे सिग्नल मागे टाकायचे, वाटेत अडथळा आहे.

आणि प्रायव्हेट नंबर. ही गोष्ट रेल्वेबाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रत्येक केबिन, फाटक आणि स्टेशनाला दोन आकडी नंबरांचा छापील कागद दिलेला असतो. नंबर कसलाही क्रम नसलेले. फाटकवाल्याला मास्तरने विचारलं, "गेट बंद?" तर नुसतं "हो साहेब" चालत नाही. तो कागदावरचा पुढचा नंबर सांगतो: "चार-तीन, त्रेचाळीस." मास्तर तो परत म्हणतो, वेळेसकट रजिस्टरात लिहितो, पलीकडचा तो नंबर कागदावर काटतो. झोपेत 'हो' म्हणता येतं. पण कागद शोधून, काटून, बरोबर नंबर सांगायचा तर डोळे उघडावे लागतात. शिवाय उद्या चौकशी झाली तर 'मी बोललोच नव्हतो' हे दोघांपैकी कोणालाच म्हणता येत नाही. इतक्या स्वस्तातली इतकी चांगली युक्ती मी नोकरीत दुसरी पाहिली नाही. आजच्या बटणांच्या पॅनेलवर चालणाऱ्या स्टेशनांवरही ती चालू आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग अपघात व्हायला जागाच कुठे उरली? तर ती खाचांची पेटी लिव्हर ओळखते, गाडी ओळखत नाही. सिग्नल मागे टाकला की तिच्या लेखी काम संपलं, सांधा मोकळा. गाडी अजून त्या सांध्यावर आहे का, हे तिला कळत नाही. यासाठी सांध्याच्या अलीकडे रुळाला लागून एक लांब लोखंडी पट्टी बसवत, लॉक बार. सांध्याचं कुलूप काढताना ती पट्टी वर उचलली जावी लागते, आणि वर चाक असेल तर ती उचलली जात नाही. ती गाडीच्या दोन चाकांमधल्या सर्वांत लांब अंतराहूनही लांब ठेवत, म्हणजे गाडी वर असेपर्यंत एखादं तरी चाक तिच्यावर असणारच. हे सांध्यापुरतं झालं. पण यार्डात पलीकडे मेन लाइनवर उभी असलेली गाडी? ती फक्त केबिनमनच्या डोक्यात.

डोक्यातलं निसटतं. स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिलला २२ मे १९१५ च्या सकाळी तेच झालं. दोन्ही बाजूंच्या लूप लाइनी मालगाड्यांनी भरल्या होत्या, म्हणून रात्रपाळीच्या सिग्नलमनने एक लोकल विरुद्ध दिशेच्या मेन लाइनवर उभी करून ठेवली. दिवसपाळीचा माणूस त्याच लोकलमधून कामावर आला. पाळी सहाला बदलायची, पण दोघांचं आपापसात ठरलेलं असे, दिवसवाला अर्धा तास उशिरा यायचा. त्या अर्ध्या तासाच्या नोंदी रात्रवाला चिठ्ठीवर लिहून ठेवायचा आणि दिवसवाला आल्यावर आपल्या अक्षरात रजिस्टरात उतरवायचा, म्हणजे साहेबाला कळू नये. तो उतरवत बसला. लोकलच्या इंजिनातला फायरमन नियमाप्रमाणे केबिनमध्ये येऊन सही करून गेला. आणि मग या माणसाने, ज्या गाडीतून तो स्वतः उतरला होता आणि जी खिडकीबाहेर उभी होती, ती विसरून त्याच लाइनीवर सैनिकांच्या गाडीला सिग्नल दिला. ती आदळली, आणि मिनिटभरात दुसऱ्या बाजूने एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. डब्यांत गॅसचे दिवे होते, आग लागली. दोनशेहून जास्त माणसं गेली. दोन्ही सिग्नलमन तुरुंगात गेले.

तिथे एक साधी लोखंडी कडी वापरायची राहिली होती, लिव्हर कॉलर. गाडी एखाद्या लाइनीवर उभी केली की त्या लाइनीच्या सिग्नलच्या लिव्हरवर ती चढवायची. मग मूठ दाबता येत नाही, हात नुसता सवयीने गेला तरी थबकतो. आपल्याकडच्या केबिनांमध्येही त्या असायच्या, खिळ्याला टांगलेल्या. आम्ही तपासणीला गेलो की मी आधी कॉलर बघायचो. चकचकीत घासलेली, तेल दिलेली कॉलर म्हणजे ती वापरात आहे. खिळ्यावर धूळ खात असली, की त्या केबिनमधला माणूस आपल्या स्मरणशक्तीच्या भरवशावर आहे. अशा माणसाशी दोन शब्द जास्त बोलावे लागायचे, आणि तो हमखास सांगायचा, "साहेब, मला सगळं पाठ आहे."

याच प्रकारातली आणखी एक गोष्ट म्हणजे शेवटचा डबा. गाडी पुढे निघून गेली असं म्हणायचं तर तिचा शेवटचा डबा केबिनसमोरून गेलेला दिसला पाहिजे. दिवसा त्याच्यावरचा 'एलव्ही' (लास्ट व्हेइकल) बोर्ड, रात्री लाल दिवा. मध्येच कपलिंग तुटून चार डबे मागे राहिले असतील तर ते इंजिनाला कळत नाही, केबिनच्या खिडकीतून कळतं. २० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे उत्तर प्रदेशात फिरोजाबादजवळ कालिंदी एक्सप्रेस नीलगायीला धडकून रुळावर उभी राहिली. ती पुढे निघून गेली असं धरून मागच्या पुरुषोत्तम एक्सप्रेसला वाट दिली गेली. साडेतीनशेच्या वर माणसं मेली. लाल दिवा दिसला का, ही एवढीच खात्री राहून गेली होती. रुळात वीज खेळवून गाडी ओळखणारं ट्रॅक सर्किट अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्येच काढलं होतं. पण दोन स्टेशनांमधल्या पूर्ण लांबीत ते बसवणं म्हणजे पैशाचं काम. आता ॲक्सल काउंटर सेक्शनमध्ये गेलेली चाकं आणि बाहेर आलेली चाकं मोजतो, आणि हिशेब जुळल्याशिवाय पुढची लाइन क्लिअर मिळत नाही.

घाटातल्या केबिनांबद्दल कोणी विचारलं नाही, पण मुंबई-पुणे प्रवास केलेल्या प्रत्येकाने त्या पाहिल्या आहेत: मंकी हिल, ठाकूरवाडी, नागनाथ, जांब्रुंग. स्टेशन नाही, वस्ती नाही, फक्त केबिन. बोरघाट १८६३ साली सुरू झाला, चढ सदतीसला एक. लोणावळ्याहून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक गेले तर तिला वाचवायला कॅच साइडिंग असते, वर डोंगराकडे चढत जाऊन संपणारा एक आंधळा फाटा. इथे सगळा हिशेब उलटा. इतर ठिकाणी सांधा एरवी मेन लाइनकडे असतो, इथे तो एरवी फाट्याकडेच ठेवलेला. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबली पाहिजे. थांबून दाखवलं म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत, मग केबिनमधून सांधा मेनला लावून पुढचा सिग्नल मिळतो. थांबली नाही तर आपोआप डोंगरावर जाते. घाटात रात्री गाडी कारण नसताना थांबते म्हणून पुणेकर वैतागतात, त्याचं कारण हे. पावसाळ्यात ढगांत ती केबिन म्हणजे खिडकीबाहेर काहीच दिसत नाही, फक्त ब्रेकच्या वासावरून कळतं की गाडी आली.

एकेरी मार्गावर आणखी एक कुलूप असे: गोळा. नीलच्या टोकन उपकरणातून एका वेळी एकच धातूचा गोळा निघतो, तो थैलीत घालून मोठ्या कड्यासकट ड्रायव्हरला द्यायचा. गोळा इंजिनात असेल तरच सेक्शनमध्ये जायचं, आणि पलीकडच्या उपकरणात तो पडल्याशिवाय दुसरा निघत नाही. न थांबणाऱ्या गाडीला धावत कडं देणं हे पोर्टरचं कसब होतं. दंडावर बसलेला फटका दाखवणारी माणसं मी पाहिली आहेत.

कामाचे तास हा मोठा रागाचा विषय. जिथे गाड्या कमी, तिथे काम 'अधूनमधून' असतं असं धरून बारा तासांची पाळी लावलेली असायची. कागदावर बरोबर. पण रात्री दोन ते चार या वेळात चाळीस मिनिटं काहीच न करता जागं राहणं हे सतत लिव्हर ओढण्यापेक्षा कठीण आहे, हे ज्याने केलं त्यालाच माहीत. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात आठ तासांची मागणी होती ती उगाच नव्हे. माझं मत विचाराल तर केबिनमधल्या बऱ्याच 'मानवी चुका' या पाळीच्या तक्त्यात आधीच लिहून ठेवलेल्या असायच्या.

मग या केबिना बंद कशा झाल्या? बदल हळूहळू आला. व्हीटी ते भायखळा रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल १९२८ सालीच लागले होते. पुढे सांध्यांना मोटारी आल्या, खाचांच्या पेटीची जागा रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, घेतली, मग संगणकाने. आता मास्तर आपल्या खोलीत पॅनेलवर दोन बटणं दाबतो किंवा माउस फिरवतो आणि दोन्ही टोकांचे सांधे फिरतात. २०२३ च्या मध्यापर्यंत देशात ६,४०० हून जास्त स्टेशनांवर असं एकाच ठिकाणाहून चालणारं इंटरलॉकिंग झालं होतं. टोकाच्या केबिनांना काम उरलं नाही.

हे चांगलंच झालं, यात मला शंका नाही. जुन्या लिव्हरबद्दल हळहळणाऱ्यांनी एक मे महिना ते ओढून बघावेत. पण 'माणूस काढला, धोका गेला' असं कोणी म्हणालं की मी २ जून २०२३ ची आठवण करून देतो. ओडिशातल्या बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा लूपकडे होता, जिथे मालगाडी उभी होती. हेच तर इंटरलॉकिंग होऊ देत नाही! चौकशीत निघालं ते असं की फाटकाच्या कामासाठी सिग्नलच्या तारांच्या जोडणीत केलेले फेरफार चुकले होते. पॅनेलवर बसलेल्या माणसाला सगळं बरोबर दिसत होतं. लोखंडाची पेटी असती तर खाच बदलायला कानस, सील तोडणं आणि दोन सह्या लागल्या असत्या. तार एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावायला मिनिटही लागत नाही. जुन्या केबिनमनकडे जो संशयाने बघण्याचा नियम होता तो आता आमच्याच खात्याला जास्त कडक लावायला हवा, असं माझं म्हणणं आहे. आणि ते म्हणणं खात्यात फारसं कोणाला आवडत नाही.

ओस केबिनमध्ये चढून बघावं का, असंही विचारलंय. नको. जिने कुजलेले असतात, आणि रेल्वे हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. प्लॅटफॉर्मच्या टोकावरून ती बुजवलेली फट दिसते, तेवढं पुरे.

राहिली माणसं. बरेच केबिनमन आणि लिव्हरमन पॉइंट्समन झाले, काही फाटकांवर गेले, जे शिकले-परीक्षा दिल्या ते मास्तर झाले. पॉइंट्समनचं काम म्हटलं तर हलकं झालं आहे, झेंडी आणि शंटिंग. पण सुरुवातीला म्हटलेली दुसरी जागा, यंत्र बिघडण्याची, इथे येते: भर पावसात सांध्याची मोटार बंद पडली की मास्तर कुलूपबंद पेटीतून क्रँक हँडल काढून त्याच्याच हातात देतो. ते हँडल पेटीतून निघालं की त्या सांध्यावरचे सिग्नल आपोआप बंद होतात. मग हा टॉर्च घेऊन रुळांतून चालत जातो, मोटारीत हँडल घालून हाताने फिरवतो, जीभ रुळाला नीट चिकटली का ते बोटाने चाचपून बघतो, क्लॅम्प आवळतो, कुलूप लावतो, आणि फोनवरून मास्तरला प्रायव्हेट नंबर देतो.